चुकलं तर तुम्ही येणार का?

पत्र थोडक्यात: लिहिणारी २८ वर्षांची आहे, जीवशास्त्रात पीएचडी करतेय, घरात सायन्सला गेलेली ती एकटीच. तिच्या मोठ्या भावाला सात महिन्यांची मुलगी आहे. सुरुवातीच्या लसी वेळेवर दिल्या, पण दुसऱ्या वेळच्या लसींनंतर बाळाला रात्रभर ताप होता, ते खूप रडलं, आणि तेव्हापासून भाऊ-वहिनींनी पुढचं लसीकरण थांबवलंय. हिने फॅमिली ग्रुपवर रिसर्च पेपर टाकले, भावाने उलट व्हिडिओ टाकले, वाद चढत गेला आणि शेवटी ही लिहून बसली की "तुला सायन्स कळत नाही तर निदान कळणाऱ्यांचं ऐक." भाऊ म्हणाला, "तुमचे सायंटिस्ट दर दोन वर्षांनी मत बदलतात आणि कंपन्यांच्या पैशावर जगतात." दोन महिने झाले, बोलणं बंद. ती विचारते, लोकांना विज्ञान नकोच असेल तर आम्ही घसा का कोरडा करायचा, मी गप लॅबमध्ये बसून माझं काम करावं का? आणि बाळाचं काय करू?

आधी बाळाचं बोलूया, कारण बाकी सगळं थांबू शकतं, ते थांबू शकत नाही. लस द्यायला हवी याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि "दोन्ही बाजू असतात" असं म्हणून मी अंग काढून घेणार नाहीये. आजूबाजूला कुणालाच संरक्षण नसेल तर गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो, रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि आईकडून बाळाला मिळालेलं संरक्षण पहिल्या वर्षात ओसरत जातं. गोवराची पहिली लस बऱ्याच देशांत ९ ते १५ महिन्यांच्या दरम्यान देतात, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे पण भरपूर नाही. त्यातल्या त्यात बरं हे की राहून गेलेल्या लसींसाठी बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जाता येतं, एखाद्या लसीला वयाची मर्यादा असते ती बालरोगतज्ज्ञ सांगतील. हे सगळं दादाला सांगायचंय, पण आज नाही, आणि ग्रुपवर तर नाहीच नाही.

आता तुझ्या पत्राकडे येते. मी ते तीनदा वाचलं. त्यात दादाने पाठवलेल्या व्हिडिओंमधल्या चुका तू नंबर घालून लिहिल्यास, कुठला पेपर किती मोठा आणि किती भरवशाचा ते लिहिलंस, आणि या सगळ्याच्या मध्ये एक वाक्य येऊन जातं जे मी वरच्या सारांशात मुद्दाम घेतलं नाही, कारण तूही ते जाता जाताच लिहिलंयस: "त्या रात्री दादाने मला एक वाजता फोन केला होता, मी म्हटलं नॉर्मल आहे, सगळ्यांना होतं, झोपा आता." आणि पुढच्याच वाक्यात तू परत पेपरवर गेलीस.

मला वाटतं तुमचं भांडण या वाक्यात आहे. ग्रुपवर जे झालं ते त्याचं नंतरचं रूप.

म्हणजे बघ ना, रात्री एक वाजता बाळ रडतंय, अंग तापलंय, आणि दादाने फोन कुणाला केला? व्हिडिओवाल्याला नाही केला, तुला केला. घरातलं सायन्स म्हणजे तू, हे त्याने तेव्हा मानलेलं होतं. ज्या माणसाला तू आज "सायन्सविरोधी" म्हणतेयस तो तेव्हा सायन्सकडेच आला होता, आणि सायन्सने त्याला दहा सेकंदांत उत्तर देऊन झोपायला सांगितलं. तुझं उत्तर खोटं नव्हतं, लसीनंतर ताप येणं अगदी कॉमन आहे आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो. पण ते अपुरं होतं. तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, खूप चढलेला ताप, झटके, बाळ एकदम गळून गेल्यासारखं होणं, ही डॉक्टरांना लगेच कळवायची लक्षणं आहेत आणि हे कुठल्या विरोधकाने नाही, वैद्यकशास्त्रानेच लिहून ठेवलंय. किती वेळ रडतंय, ताप किती आहे, दूध पितंय का, एवढे तीन प्रश्न तू विचारले असतेस तर कदाचित उत्तर तेच आलं असतं, "घाबरू नकोस", पण ते ऐकून घेतल्यावर आलेलं उत्तर असतं. तू दमलेली असशील, झोपेत असशील, मी तुला दोष देत नाहीये. पण तू पत्रात विचारलंस की हे नेमकं कुठे बिघडलं, तर मला ते तिथे दिसतंय.

हे मला लगेच दिसलं त्यालाही कारण आहे. मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं आणि सुरुवातीच्या काळात उत्साहाने लोकांसमोर भाषणंही द्यायचे. एकदा भाषण संपल्यावर एक वयस्कर बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण चुकलं तर तुम्ही येणार का?" मी त्यांना टक्केवारी सांगितली. किती लाखांत किती जणांना त्रास होतो वगैरे, आकडे सगळे बरोबर होते. बाई "बरं" म्हणून बसल्या आणि मला वाटलं शंका मिटली. त्यांनी मला आकडा विचारलाच नव्हता हे माझ्या लक्षात यायला खूप वर्षं लागली. त्यांना हे विचारायचं होतं की आमच्यावर वेळ आली तर आमच्या बाजूने कोण उभं राहतं, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी आकडा दिला.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू धरूनच चालली आहेस, की लोकांचा विश्वास नाही कारण लोकांना माहिती नाही, म्हणून माहिती ओतली की विश्वास आपोआप वर येईल. ही तुझी एकटीची समजूत नाहीये गं, मोठमोठ्या संस्था यावर चालल्या. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने १९८५ साली लोकांना विज्ञान कसं समजेल यावर एक रिपोर्ट काढला, त्यानंतर तिकडे विज्ञान समजावण्याची मोठी चळवळच उभी राहिली, व्याख्यानं, प्रदर्शनं, काय काय. मधल्या काळात मॅड काऊचं, म्हणजे गायींच्या मेंदूच्या रोगाचं प्रकरण झालं, मंत्र्यांनी आणि तज्ज्ञांनी आधी "बीफ सेफ आहे" असं छातीठोक सांगितलं आणि १९९६ मध्ये सरकारला कबूल करावं लागलं की माणसांना झालेल्या आजाराशी गायींच्या त्या रोगाचा संबंध असण्याची शक्यता आहे. मग २००० साली त्याच देशाच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या समितीचा विज्ञान आणि समाज या विषयावर रिपोर्ट आला आणि त्यात सूर पूर्ण बदललेला होता, की नुसतं समजावून भागत नाही, लोकांशी संवाद हवा, त्यांचंही ऐकायला हवं. पंधरा वर्षं लागली एवढं म्हणायला.

आणि तू लिंका पाठवल्यास ना, त्यावरही अभ्यास झालाय. २०१४ मध्ये अमेरिकेत १,७५९ पालकांवर एक प्रयोग झाला, त्यांना लसीबद्दल वेगवेगळ्या प्रकारे माहिती देऊन बघितली. गोवराच्या लसीने ऑटिझम होत नाही हे पुराव्यासकट सांगितल्यावर पालकांचा तो गैरसमज खरंच कमी झाला, पण ज्यांच्या मनात आधीच लसीबद्दल अढी होती त्यांची पुढच्या मुलाला लस द्यायची तयारी उलट घटली. एका प्रयोगावरून सगळं ठरत नाही हे तुला मी सांगायला नको, पण दादाच्या बाबतीत तू हेच होताना बघितलंस. मुद्दा पटतो आणि माणूस लांब जातो.

आता तुला एक गोष्ट सांगते, जरा लांबेल, पण मला ती फार जवळची आहे.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्यानंतर काही दिवसांनी तिथून उठलेला किरणोत्सारी ढग ब्रिटनवरून गेला आणि उत्तर इंग्लंडच्या कंब्रिया नावाच्या डोंगराळ भागात जोराचा पाऊस झाला, पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम गवतावर उतरलं. तिथे मेंढ्या पाळणारी माणसं राहतात. आधी अधिकारी म्हणाले काही होणार नाही, मग जूनमध्ये मेंढ्या विकायला आणि हलवायला बंदी घातली, म्हणाले तीन आठवड्यांची गोष्ट आहे, तोवर सीझियम मातीत अडकून बसेल. तीन आठवड्यांनी बंदी उठली नाही, वाढली. का, तर शास्त्रज्ञांनी जो हिशोब केला होता तो चिकणमातीच्या जमिनीवरून केला होता, तिथे सीझियम मातीला धरून बसतं. डोंगरावरची माती पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, आम्ल, तिथे ते मोकळंच राहतं, मुळांतून परत गवतात येतं, गवतातून मेंढीत, आणि चक्र चालू राहतं. शास्त्रज्ञांचं विज्ञान चुकीचं नव्हतं, दुसऱ्या मातीचं होतं.

बरं, मेंढपाळ गप्प बसले नव्हते. सीझियम शोषून घेणारी एक खनिज पावडर मातीवर टाकून बघायचा प्रयोग निघाला, त्यासाठी मेंढ्या कुंपण घातलेल्या तुकड्यांत कोंडायच्या होत्या. मेंढपाळ म्हणाले, या मेंढ्या मोकळ्या डोंगरावर चरणाऱ्या, कोंडल्या तर खंगतील आणि तुमचे आकडे काही कामाचे राहणार नाहीत. कुणी ऐकलं नाही, आणि पुढे प्रयोग गुंडाळावा लागला. त्यातून शेजारीच सेलाफिल्डचं अणुकेंद्र, तिथे १९५७ मध्ये मोठी आग लागलेली, त्यामुळे लोक विचारायला लागले की हे सगळं सीझियम चेर्नोबिलचंच कशावरून? अधिकाऱ्यांना तो प्रश्न अडाणीपणाचा वाटला. ब्रायन विन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्या मेंढपाळांशी बोलून यावर जे लिहिलं ते आज या विषयात सगळीकडे शिकवतात. आणि ती तीन आठवड्यांची बंदी, ब्रिटनमधल्या शेवटच्या शेतांवरून ती उठली २०१२ मध्ये. सव्वीस वर्षांनी.

मला यात सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? चूक नाही लागत, चुका होणारच. लागतं ते हे की "तीन आठवडे" हे सांगताना कुणी असं म्हणालं नाही की "आमचा अंदाज अमुक प्रकारच्या मातीवरून आहे, तुमची माती वेगळी असेल तर आम्हाला सांगा." त्या एका वाक्याने मेंढपाळ कामात सामील झाले असते. त्यांना अणूबद्दल माहिती नसेल, पण माती आणि मेंढी त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. तसं दादाला इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र येत नाही, पण त्या रात्री ते बाळ कसं रडत होतं हे जगात फक्त दोन माणसांना माहितीये, आणि त्यातला एक तो आहे.

आता दादाचे दोन आरोप घेऊ, कारण तू ते "मूर्खपणाचे" म्हणून बाजूला टाकलेस आणि मला ते तसे अजिबात वाटत नाहीत.

मत बदलतात, हा पहिला. हो, बदलतात, आणि कधी कधी लाज वाटावी इतक्या उशिरा बदलतात. तान्ह्या बाळाला पोटावर झोपवा असं डॉक्टर कित्येक वर्षं सांगत होते, उलटी झाली तर घशात अडकू नये म्हणून, तर्क ऐकायला बरोबर वाटतो. मग पुरावा जमत गेला की पोटावर झोपणारी बाळं झोपेत अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त आहे, १९९१ मध्ये ब्रिटनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने पाठीवर झोपवा म्हणून मोहीम काढली आणि अमेरिकेत असे मृत्यू काही वर्षांत निम्म्यावर आले. पुढे २००५ मध्ये संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की हा पुरावा १९७० सालीच हाताशी आलेला होता, तेव्हाच सगळं एकत्र करून बघितलं असतं तर हजारो बाळं वाचली असती. ही गोष्ट दादाला सांग. तो म्हणेल बघ, तुमचे डॉक्टर चुकले. तू म्हण हो, चुकले, आणि मत बदललं म्हणून तुझी मुलगी आज पाठीवर झोपते.

त्याच्याबरोबर आणखी एक फरक त्याला दाखवता येईल. घर बांधताना एक भिंत ओली असते आणि एक सुकून वर्षं झालेली असतात, दोन्ही भिंतीच, पण टेकून उभं कुठे राहायचं हे कळतं. बातम्यांमध्ये येतं ते जवळपास सगळं ओलं बांधकाम असतं, कालचा पेपर, आजचा पेपर, याने वजन वाढतं त्याने कमी होतं, ते पडणार, परत बांधलं जाणार. मानसशास्त्रातले १०० प्रयोग परत करून बघितले तर जेमतेम ३६ टक्क्यांत तसाच ठोस निकाल आला, हे २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनीच जाहीर केलं. गोवराची लस १९६३ पासून वापरात आहे, साठ वर्षं कोट्यवधी मुलांवर डोळ्यात तेल घालून बघितलेली आहे. ती सुकलेली भिंत. आपली चूक अशी की आपण दोन्हीबद्दल एकाच आवाजात बोलतो. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने "फॅक्ट" असं लिहून सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही. तेव्हा पुरावा अपुरा होता, ओली भिंत होती, आणि बोलले सुकलेल्या भिंतीसारखं. नंतर ते बदलावं लागलं आणि दादासारख्या लाखो लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

दुसरा आरोप पैशाचा. हाही हवेतला नाहीये. सिगारेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो याचे भक्कम अभ्यास १९५० पासून यायला लागले, आणि जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी ४०० हून जास्त वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन सांगितलं की पुरावा पक्का नाही, आम्ही संशोधनाला पैसे देतो. पुढे १९६९ च्या त्यांच्या एका अंतर्गत कागदात सरळ लिहिलेलं सापडलं की शंका हाच आपला माल आहे. म्हणजे दादाला पैशाचा वास येतो तो नाक बिघडल्यामुळे येत नाही. फक्त त्याला म्हण की आता हेच नाक जरा दुसरीकडेही ने. गोवराच्या लसीची भीती जिथून पसरली तो पेपर १९९८ चा, त्यात मुलं होती फक्त १२, आणि लिहिणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्डला लस कंपन्यांविरुद्ध केस उभी करणाऱ्या वकिलाकडून पैसे मिळत होते, जे त्याने त्या पेपरमध्ये सांगितलं नव्हतं. हे कुणी शोधलं, तर एका पत्रकाराने. जर्नलने पेपर मागे घेतला २०१० मध्ये, बारा वर्षांनी, आणि त्याच वर्षी त्याचा डॉक्टरकीचा परवाना गेला. तोवर ब्रिटनमध्ये लसीकरण बरंच घसरलं होतं. बारा वर्षं लागली हे लपवू नकोस, ते आपल्या लोकांचं अपयश आहे. पण नंतर डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये आला, आणि लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण जास्त नव्हतं.

आणि त्या बाईंच्या प्रश्नाचं, चुकलं तर येणार का, थोडंसं उत्तर मला नंतर सापडलं, ते तुझ्या उपयोगी पडेल. रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूची एक लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाली. लस दिल्यावर काय त्रास झाला हे कुणीही कळवू शकेल अशी नोंद तिथे ठेवतात, त्यात काही महिन्यांतच आतडं आतड्यात अडकण्याच्या थोड्या केसेस दिसल्या. साधारण दहा हजार बाळांमागे एक असा तो धोका होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये लस बाजारातून बाहेर. दहा हजारांत एक, आणि तरी पकडलं, कारण कुणीतरी आईवडिलांनी सांगितलं आणि कुणीतरी ते लिहून घेतलं. दादाने सांगितलेलं त्या रात्री कुणी लिहून घेतलं नाही. ते आता करायचंय.

म्हणून फोन कर, मेसेज नको, आणि माफी माग पण नेमक्या गोष्टीची. "माझं सगळं चुकलं" असं म्हणू नकोस, कारण लसीबद्दलचं तुझं मत चुकलेलं नाहीये आणि खोटी माफी त्याला लगेच कळेल. "त्या रात्री तू फोन केलास आणि मी नीट ऐकलं नाही" याची माफी माग, आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर "तुला कळत नाही" म्हटल्याची. माफीच्या शेपटीला "पण" जोडू नकोस, आणि त्याच फोनवर लसीचा विषय काढू नकोस. त्याला फक्त विचार की त्या रात्री काय काय झालं, पहिल्यापासून सांग. मग ऐक. मध्ये दुरुस्त्या करायचा मोह होईल, कारण तो नक्की काहीतरी चुकीचं बोलेल, ते जाऊ दे. संपल्यावर तू काय ऐकलंस ते त्याला परत सांग आणि बरोबर आहे का विचार.

वहिनीशी वेगळं बोल. तुझ्या दीड पानी पत्रात वहिनी दोनदा येते आणि दोन्ही वेळा "भाऊ-वहिनी" अशी जोडून येते. रात्रभर बाळ मांडीवर कुणाच्या होतं? कदाचित दादा जे ग्रुपवर लिहितोय त्यामागे तिची भीती असेल, आणि ती भीती कंपन्यांची नसेलच, परत तशी रात्र येईल याची असेल. तसं असेल तर तिला पुढच्या वेळी ताप आला तर काय करायचं, कुठलं औषध किती द्यायचं, कधी डॉक्टरांना उठवायचं, हे डॉक्टरांकडून लिहून मिळालं तर पुष्कळ पुरेल. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात प्रसूती वॉर्डमध्येच समुपदेशक नव्या आईवडिलांशी असं बोलतात, आधी त्यांचं विचारायचं, मग "मला माहितीये ते सांगू का" अशी परवानगी घ्यायची, मग थोडंसं सांगायचं आणि परत विचारायचं. त्याचे निकाल चांगले आले म्हणून ते प्रांतभर पसरवलं. परवानगी घेण्याचा तो भाग नाटकी वाटेल तुला. करून बघ, "हो सांग" म्हटलेला माणूस खरंच ऐकतो.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, आधी नाही, तुझं मत स्वतःच्या नावाने सांग. "विज्ञान म्हणतं" नको, "मी हे सगळं वाचलंय, आणि माझी भाची आहे म्हणून मला भीती वाटते गोवराची" असं. आणि तुझ्या लॅबमधलं त्याला कधी सांगितलंस का गं? महिनोन्महिने प्रयोग फसतात, आपण लाडाने जपलेला अंदाज आपल्याच आकड्यांनी मोडतो, दुसरे लोक आपल्या पेपरमधल्या चुका काढतात आणि आपल्याला त्यांचं म्हणणं मानावं लागतं. घरच्यांना आपण फक्त निकाल सांगतो, डिग्री, पेपर छापून आला, सत्कार. मग त्यांना वाटतं आतमध्ये सगळे एकमेकांना हो हो म्हणत असतात. तुमच्या कामात किती "नाही" असतं हे त्याने एकदा बघितलं तर मत बदलणं म्हणजे काय हे त्याला मी किंवा तू सांगण्यापेक्षा जास्त कळेल.

हे सगळं करूनही तो नाही म्हणू शकतो. मी तुला खात्री देणार नाही. तसं झालं तर भाचीला भेटणं बंद करीन वगैरे धमकी देऊ नकोस, तू दार लावलंस तर त्या घरात सायन्सकडून बोलणारं कुणीच उरणार नाही. पण आजूबाजूला गोवराची साथ आली तर मात्र गप्प बसू नकोस, तेव्हा रोज फोन कर, वाईटपणा घे.

आणि तुझा दुसरा प्रश्न, लॅबमध्ये गप बसून काम करू का. काम कर, छान कर, सगळ्यांनीच व्यासपीठावर जायला हवं असं मी म्हणत नाही आणि ज्यांना बोलायला आवडत नाही त्यांना ढकलून उभं करण्यात काही अर्थ नसतो. पण "लोकांना विज्ञान नकोय" हे कारण घेऊन आत जाऊ नकोस, कारण ते खरं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत एड्सचे रुग्ण आणि त्यांचे मित्र ऑक्टोबर १९८८ मध्ये औषधं मंजूर करणाऱ्या खात्याच्या दारात ठिय्या देऊन बसले, त्यांना वाटलं असतं तर विज्ञानाला शिव्या देऊन घरी गेले असते, पण ते औषधाच्या चाचण्या कशा करतात ते शिकले, समित्यांमध्ये बसले, आणि मरणाऱ्या माणसाला चाचणी संपेपर्यंत थांबा कसं सांगता असं शास्त्रज्ञांना विचारून नियम बदलायला लावले. डॉक्टर नव्हते त्यातले बरेचसे. चिडलेला माणूस जवळ येऊन भांडतोय तोवर त्याला अजून काहीतरी हवंय आपल्याकडून. दादाने तुझ्याशी दोन आठवडे वाद घातला, ज्याला काहीच पडलेलं नसतं तो वाद घालत नाही.

ज्या वाचकांच्या घरात हे उलट्या बाजूने चालू आहे, म्हणजे तुम्ही दादाच्या जागी आहात आणि घरातलं शिकलेलं माणूस तुमचं ऐकून घेत नाहीये, त्यांनाही सांगते, शंका घेणं तुमचा हक्क आहे, फक्त ती अशा माणसाला विचारा जो उद्या उत्तर देण्यासाठी जागेवर असेल. व्हिडिओतला माणूस तुमच्या बाळाला ताप आल्यावर फोन उचलणार नाही. तुमच्या डॉक्टरला विचारा, त्याने उडवून लावलं तर डॉक्टर बदला, लस सोडू नका.

तुझ्याकडे परत येते. दादा तयार झाला तर तिघं मिळून बालरोगतज्ज्ञांकडे जा, डॉक्टर त्यांना निवडू दे, तुझ्या ओळखीतला नको. जायच्या आधी प्रश्न कागदावर लिहून काढा, त्या रात्रीचं सगळं त्यात सगळ्यात वर येऊ दे, किती वाजता लस दिली, किती वाजता ताप चढला, रडणं किती वेळ चाललं, आणि डॉक्टरांना विचारा की हे कुठे नोंदवता येतं का. तुला त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं माहीत असतील, तरी तिथे तू देऊ नकोस. आणि तो कागद दादाच्या हातात असू दे.